विमा नसताना गोव्यात परवडणारे उपचार: आधी कुठे जायचं आणि कोणता कागद केव्हा करायचा

खोकला असो, साखर असो की गुडघेदुखी, पहाटेची बस धरून थेट बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे गोमेकॉ, गाठायचं ही आपल्याकडची जुनी सवय. दुपारपर्यंत रांगेत बसल्यावर कळतं की ही गोळी गावच्या आरोग्य केंद्रातही मिळाली असती, तीही फुकट. याच्या उलट काही जण खासगी इस्पितळात शस्त्रक्रिया उरकतात आणि बिल हातात पडल्यावर काऊंटरवर सांगतात, "आमच्याकडे कार्ड आहे." तोवर कार्डाचा उपयोग संपलेला असतो.

दोघांचंही गणित क्रमात चुकतं. गोव्यात उपकेंद्रापासून गोमेकॉपर्यंत सरकारी आरोग्यसेवेची साखळी आहे आणि एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला फार तर दोन-अडीच तास लागतात. पैसे वाया जातात ते चुकीच्या दारात आधी गेल्यामुळे आणि कागद उशिरा केल्यामुळे.

## क्रम केव्हा पाळायचा नाही

छातीत दाब येऊन घाम फुटणं, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूची शक्ती जाणं, श्वास न पुरणं, साप चावणं, अपघात, गरोदर बाईला रक्तस्राव: यांपैकी काहीही झालं तर खाली लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि १०८ लावा. रुग्णवाहिकेला पैसे लागत नाहीत. कागद घरी राहिले तरी चालतील, ते मागाहून कोणीतरी आणून देईल.

छातीत दुखत असताना शेजाऱ्याच्या गाडीत घालून थेट बांबोळीला पळवणं ही हमखास होणारी चूक. काणकोण किंवा सांग्याहून तिथे पोचेपर्यंत मोलाचा वेळ जातो. जवळच्या सामुदायिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा इस्पितळात ईसीजी काढून तो गोमेकॉतल्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवला जातो, आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देता येतं. गोव्यातला स्टेमी (हृदयविकाराच्या झटक्यासाठीचा) प्रकल्प यासाठीच आहे. १०८ वाल्यांना कुठे न्यायचं ते ठाऊक असतं, त्यांच्याशी हुज्जत घालू नका.

तातडीच्या रुग्णावर प्राथमिक उपचार करणं खासगी डॉक्टरांनाही टाळता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. रस्ता अपघातातल्या जखमींसाठी २०२५ पासून केंद्राची रोकडरहित उपचार योजना आहे: अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत, नेमून दिलेल्या इस्पितळांत. अपघाताचा रुग्ण नेलात तर या योजनेचं नाव घेऊन विचारा.

## टप्पा १: धडधाकट असताना फाईल तयार करा

हा टप्पा सगळ्यांत कंटाळवाणा, आणि पुढची निम्मी डोकेदुखी इथेच टळते. एक प्लॅस्टिकची फाईल घ्या आणि घरातल्या प्रत्येकासाठी त्यात वेगळा कप्पा करा. आत हे ठेवा:

- आधार कार्ड आणि शिधापत्रिका, मूळ आणि दोन-दोन झेरॉक्स
- मतदार ओळखपत्र, मुलांचे जन्मदाखले
- मामलेदार कार्यालयातून काढलेला रहिवासी दाखला, लागल्यास उत्पन्नाचा दाखला
- जुने केस पेपर, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, तारखेच्या क्रमाने, सगळ्यांत नवा वर
- चालू औषधांची यादी किंवा रिकाम्या पाकिटांचे तुकडे

आता आधार, शिधापत्रिका आणि जन्मदाखला शेजारी ठेवून नावाचं रोमी स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून पाहा. गोव्यात अर्ज अडतो तो बहुतेकदा इथेच. जुन्या दाखल्यावर शिरोडकर 'एक्स'ने सुरू होतो, आधारावर 'एस-एच'ने. गावकर एकीकडे 'सी-ए-आर'ने संपतो, दुसरीकडे 'के-ए-आर'ने. नाईकाच्या शेवटी कुठे 'के', कुठे 'क्यू-यू-ई'. वाचणाऱ्याला ते एकच नाव आहे, संगणकाला ती दोन माणसं आहेत. लग्नानंतर बाईचं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेली असतील तर आधारावर एक आणि बँकेत दुसरं, असा प्रकार हमखास सापडतो. शक्य असेल तिथे आधारावरची दुरुस्ती करून घ्या. नसेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून फाईलमध्ये टाकून ठेवा. माणूस खाटेवर असताना नोटरी शोधत फिरण्यापेक्षा हे बरं.

तपासा: आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक चालू आहे का? ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. मुलगा आखातात किंवा बोटीवर आणि आईच्या आधारला त्याचा नंबर, असं असेल तर तो आजच बदला.

## टप्पा २: आपल्याला कोणतं कार्ड लागू आहे ते ठरवा

"आम्हाला विमा नाही" म्हणणाऱ्या कित्येक घरांत खरं तर काहीतरी असतं, त्यांना ते माहीत नसतं इतकंच. खालच्या क्रमाने पाहत जा.

ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा. घरातलं कोणी कारखान्यात, हॉटेलात, सुरक्षा एजन्सीत किंवा दुकानात नोकरीला आहे का? दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआय लागू होण्याची दाट शक्यता आहे. पगाराची स्लिप उघडा. पाऊण टक्का कापलेला दिसला तर तुम्ही विमाधारक आहात आणि तुमच्यावर अवलंबून असलेलं कुटुंबही. दवाखाने ठिकठिकाणी आहेत आणि मडगावला ईएसआयचं इस्पितळ आहे. मालकाकडून विमा क्रमांक मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे, त्याची मेहेरबानी नव्हे.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना. ही राज्याची योजना २०१६ पासून चालू आहे. किमान पाच वर्षं गोव्यात राहणाऱ्या कुटुंबाला ती मिळते, उत्पन्नाची अट नाही. सरकारी नोकरीत ज्यांना वैद्यकीय लाभ आधीच मिळतो त्यांना मात्र ती नाही. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा अधिक असतील तर चार लाखांपर्यंतचं संरक्षण, ४४७ प्रकारच्या उपचारांसाठी. नोंदणीला नाममात्र शुल्क आहे आणि कार्डाचं वेळोवेळी नूतनीकरण करावं लागतं.

दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचं मासिक मानधन मिळतं म्हणून "दीनदयाळ आमच्याकडे आहे" असं समजू नका. नावं जवळची, पण योजना वेगळ्या. मानधनाच्या पासबुकावर शस्त्रक्रिया होत नाही.

आयुष्मान भारत. पात्र कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत. हे कार्ड देशभरातल्या संलग्न इस्पितळांत चालतं. वयाची ७० वर्षं पूर्ण केलेल्यांसाठी २०२४ पासून वय वंदना कार्ड आहे, त्याला उत्पन्न विचारत नाहीत. म्हणजे घर पात्र नसलं तरी आजी-आजोबा पात्र असू शकतात. १४५५५ वर फोन करून विचारता येतं.

मेडिक्लेम मदत. गोमेकॉत ज्या उपचाराची सोय नाही, त्यासाठी राज्य सरकार देतं ती ही मदत. इथे रहिवासाची अट १५ वर्षांची आहे आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. मंजुरी आधी घ्यायची असते, बाहेरून उपचार करून आल्यावर बिलं जोडायची नसतात.

> सावधान: आयुष्मान कार्ड इस्पितळात दाखल झाल्यावर कामी येतं. रोजच्या ओपीडीची फी, सर्दीतापाच्या गोळ्या किंवा महिन्याची साखरेची औषधं त्यातून मिळत नाहीत. त्यासाठी पुढचा टप्पा आहे.

१४ अंकी 'आभा' क्रमांक हा विमा नाही. तुमचे रिपोर्ट जोडून ठेवण्याचा तो नुसता क्रमांक आहे. बांधकामावरच्या मजुरांना मलेरियाची रक्ततपासणी करून जे हेल्थ कार्ड देतात, तेही उपचारांचं कार्ड नव्हे. कंत्राटदार "कार्ड काढलंय" म्हणाला तर कोणतं ते विचारा.

## टप्पा ३: पहिली पायरी आपल्या केंद्राची

घर ज्या हद्दीत येतं तिथलं उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र कोणतं, हे सिस्टरना किंवा पंचायतीत विचारून ठेवा. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को इथे शहरी आरोग्य केंद्रं आहेत. उपकेंद्रावर आता आयुष्मान आरोग्य मंदिराची पाटी दिसेल. रक्तदाब, साखर मोजणं आणि तीस वर्षांवरच्यांची तपासणी तिथेही होते.

ओपीडीला सकाळीच जा. दुपारी डॉक्टर शिबिरात किंवा बैठकीत असू शकतात. लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी, मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण यांचे वार बहुधा ठरलेले असतात. आधी एक फोन केला तर फेरी वाचते.

रक्त तपासायचं असेल तर रात्रीपासून आठ-दहा तास उपाशी राहून या, पाणी चालतं. रक्तदाबाची गोळी पाण्याबरोबर घेतली तरी हरकत नाही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन मात्र रक्त देऊन, खायला बसताना घ्या. गोळी घेऊन उपाशी रांगेत बसलेला माणूस चक्कर येऊन पडतो. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, म्हणून चिठ्ठीवर काय लिहिलंय ते आधी विचारा.

डॉक्टरांसमोर बसल्यावर तक्रार किती दिवसांची आहे ते पहिल्या वाक्यात सांगा. मग पुढचं, विचारलं नाही तरी:

- ताप असेल तर पावसात शेतात, चिखलात किंवा साचलेल्या पाण्यात उतरला होतात का. लेप्टोचा (उंदरांच्या मूत्रामुळे पसरणाऱ्या तापाचा) संशय डॉक्टरांना लवकर येतो.
- डिसेंबरपासून काजूच्या हंगामापर्यंत सत्तरी तालुक्याच्या बाजूला रानात गेला होतात का, गोचीड चावली का. माकडतापाची शक्यता त्यावरून ठरते.
- घरात कोणाला क्षयरोग झाला होता का, दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का.
- आयुर्वेदिक काढा, गावठी औषध किंवा दुकानातून आणलेली गोळी चालू आहे का. लपवू नका, कोणी ओरडलं तरी चालेल.

क्षयरोगाची तपासणी आणि पूर्ण औषधोपचार सरकारी केंद्रात फुकट आहेत, आणि उपचार चालू असताना पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात येतात. खातं आधारला जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात, पुन्हा तोच टप्पा १.

कुत्रा चावला तर जखम आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, पाच मिनिटांतच पंधरा झाल्यासारखी वाटतात. हळद, चुना, मिरची काही लावू नका. मग त्याच दिवशी केंद्रात जा. दंडावर कातडीत टोचण्याच्या पद्धतीत लस त्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते. चावा खोल असेल तर सिरमही लागतं, ते विचारून घ्या. कुत्रा ठणठणीत दिसतोय म्हणून शेवटचा डोस सोडणं हा उगाच घेतलेला धोका आहे.

प्रसूती आणि बाळाच्या पहिल्या वर्षातल्या आजारपणाचे उपचार सरकारी इस्पितळात मोफत आहेत, त्यात औषधं, तपासण्या आणि ने-आणही आली. बाहेरून औषध आणायला सांगितलं तर आधी सिस्टरना विचारा.

## टप्पा ४: औषधांवर पैसे कमी कसे लागतील

केंद्राच्या औषधखिडकीवर जे आहे ते आधी घ्या. नसलेल्या गोळीसाठी थेट कोपऱ्यावरच्या फार्मसीत जाऊ नका. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा: मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, ॲटोर्व्हास्टॅटिन, असं. मग जन औषधी केंद्रात जा. नेहमीच्या औषधांचा खर्च तिथे निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. जवळचं केंद्र आणि दर जन औषधी सुगम ॲपवर दिसतात.

खिडकीवर नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही ताडून पाहा. टेल्मिसार्टन ४० मागितली आणि ८० आली तर पाकीट जवळजवळ सारखंच दिसतं. शिवाय त्याच नावापुढे 'एच' किंवा 'एएम' असेल तर आत दुसरं औषधही मिसळलेलं असतं. घरी येऊन जुन्या पाकिटाशेजारी नवं ठेवा, शंका आली तर गोळी न घेता परत विचारा.

> सावधान: फिट्सची, थायरॉईडची, रक्त पातळ करणारी औषधं आणि इन्सुलिन यांची कंपनी आपल्या मनाने बदलू नका. स्वस्तातलं चालेल का, ते डॉक्टरांनाच विचारा.

औषध संपायच्या आठवडाभर आधी जा. चतुर्थीच्या सुट्टीत रक्तदाबाची गोळी संपली म्हणून धावाधाव करणारी घरं दर वर्षी दिसतात.

## टप्पा ५: वर पाठवलं तर

केंद्रात भागलं नाही तर डॉक्टर रेफरल चिठ्ठी देतात: सामुदायिक आरोग्य केंद्राकडे, फोंड्याच्या उपजिल्हा इस्पितळाकडे, म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळाकडे, नाहीतर गोमेकॉकडे. चिठ्ठीवर निदान, आतापर्यंतचे उपचार, सही-शिक्का आणि तारीख आहे ना, हे तिथल्या तिथे पाहा. जिल्हा इस्पितळात होण्यासारखं असेल तर बांबोळीचा हट्ट धरू नका. हर्निया किंवा मोतीबिंदूसाठी गोमेकॉच हवं, ही निव्वळ समजूत आहे. दातांसाठी मात्र बांबोळीलाच सरकारी दंत महाविद्यालय आहे, आणि मनाच्या आजारांसाठी तिथेच मनोरुग्णालय. रात्री-अपरात्री कोणाशी बोलायचं झालं तर १४४१६ ही टेली-मानस सेवा मोफत आहे.

गोमेकॉत विभागाबरोबर युनिटही ठरतं. पहिल्या दिवशी ज्या युनिटने तपासलं, पुढच्या वेळी त्याच युनिटच्या ओपीडीच्या वारी यायचं. केस पेपरवर युनिट आणि वार लिहून घ्या. भलत्याच दिवशी गेलात तर नवे डॉक्टर सगळं पहिल्यापासून विचारतात किंवा परत पाठवतात. एक्स-रे आणि सोनोग्राफीचा कागदी रिपोर्टच नव्हे, फिल्म किंवा सीडीही न्या.

## टप्पा ६: दाखल होण्याआधी काऊंटरवर

नियोजित शस्त्रक्रिया असेल तर दाखल होण्याच्या आधी योजनेच्या काऊंटरवर चार प्रश्न विचारा:

१. हे इस्पितळ या योजनेत आहे का?
२. *ह्याच* शस्त्रक्रियेसाठी आहे का? इस्पितळ योजनेत असून हा उपचार नसणं अगदी शक्य आहे.
३. माझं कार्ड चालू आहे का, आणि यंदाची किती रक्कम शिल्लक आहे?
४. पूर्वमंजुरी मिळाली का, आणि तिच्याबाहेरचं काय मला भरावं लागेल?

उत्तर देणाऱ्याचं नाव आणि तारीख फाईलमध्ये लिहा. खासगी इस्पितळात "आता अनामत भरा, कार्डाचं नंतर बघू" असं ऐकू आलं तर थांबा. तातडी नसलेली शस्त्रक्रिया मंजुरीसाठी चार दिवस पुढे गेली तर बिघडत नाही. तातडीने दाखल व्हावं लागलंच तर कार्ड असल्याचं त्याच दिवशी सांगा, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे.

घरी जाताना डिस्चार्ज कार्ड, सगळे रिपोर्ट, पुढची तारीख आणि औषधांची यादी घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका. आयुष्मानमध्ये डिस्चार्जनंतरच्या १५ दिवसांची औषधंही पॅकेजमध्येच येतात, ती मागून घ्या. त्यानंतरची गोळी आणि ड्रेसिंग गावच्या केंद्रात होतं. टाके काढायला प्रत्येक वेळी बांबोळी गाठायची गरज नसते.

## सिंधुदुर्गातून किंवा कामासाठी गोव्यात आला असाल तर

दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीहून गोमेकॉत येणारे बरेच आहेत. बाहेरच्या राज्यातल्या रुग्णांना २०१८ पासून गोमेकॉत शुल्क लागू झालं आहे, म्हणून आपल्या राज्याचं कार्ड आणि आयुष्मान असेल तर तेही बरोबर आणा आणि नोंदणीच्या वेळीच दाखवा. नातेवाइकाचा गोव्यातला पत्ता देऊन केस पेपर काढू नका. पुढे कार्डावरचा आणि कागदावरचा पत्ता जुळत नाही आणि शस्त्रक्रियेच्या तोंडावर सगळं अडतं. गोव्यात पाच वर्षं होत आली असतील तर भाडेकरार, वीजबिल, मुलांचे शाळेचे दाखले जपून ठेवा. राहिल्याचा पुरावा त्यातूनच उभा राहतो.

## नकार मिळाला तर

खिडकीवर वाद घालू नका. नकाराचं कारण चिठ्ठीवर लिहून मागा. बरेचदा तिथेच मार्ग निघतो, कारण लेखी द्यायचं म्हटलं की लोक नियम पुन्हा एकदा वाचतात. नाहीच निघाला तर केंद्राच्या आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा, मोठ्या इस्पितळात वैद्यकीय अधीक्षकांना. त्यानंतर पणजीला कांपालच्या आरोग्य सेवा संचालनालयात लेखी अर्ज द्या: रुग्णाचं नाव, केस पेपर क्रमांक, तारीख, काय मागितलं, काय उत्तर मिळालं. एवढं एका पानात बसतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या आणि ती प्रत त्याच फाईलमध्ये सगळ्यांत वर ठेवा.